आभाळबाईंची शिफारस

"विशेष प्रतिभा" हे शब्द घरात आले तेव्हा आभाळबाई ब्रश धूत होत्या. शब्द ऐकून त्यांना इतकं हसू आलं की बादलीतलं गढूळ पाणी त्यांच्या पायांवर सांडलं.

"कुणाला आहे म्हणे?" त्यांनी विचारलं.

"मला," भाची म्हणाली. "म्हणजे आहे असं सिद्ध करायचंय. तो व्हिसाच तसा आहे, मावशी. नुसती नोकरी मिळून भागत नाही. आपण चारचौघांसारखे नाही, हे कागदोपत्री दाखवावं लागतं."

"आणि चारचौघांसारखी निघालीस तर?"

"तर बसा घरी."

आभाळबाईंना खरं नाव होतं, पण कुणी न वापरून वापरून ते गंजून गेलं होतं. नाटकाच्या मागचे पडदे रंगवण्यात त्यांचा जन्म गेला. पडदे रंगवायच्या शेडमध्ये राजवाड्याचे खांब एक जण काढायचा, झाडं दुसरा, आणि आभाळ आलं की सगळे बाजूला सरून म्हणायचे, बोलवा बाईंना. त्यांचं भरून आलेलं आभाळ पाहून मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींना विचारायच्या, छत्री आणलीस का गं? असं लोक सांगत. बाईंनी स्वतः ते कधी पाहिलं नाही. प्रयोग चालू असायचा तेव्हा त्या शेडमध्ये पुढच्या नाटकाच्या पडद्यावर अनवाणी उभ्या असायच्या.

तो काळच वेगळा होता. नाटकवाले शेडच्या दाराशी येऊन हात जोडायचे, बाई, आमचं जंगल तेवढं आधी घ्या. आता कुठलं जंगल आणि कुठलं काय! नटाच्या मागे भला मोठा स्क्रीन लावतात आणि बटण दाबलं की समुद्र येतो. "हलतोसुद्धा," बाई सांगत, जणू कुणाला खरूज झाल्याची बातमी द्यावी तशा सुरात. "मग नट बिचारा रडला काय, मेला काय! लोक लाटा बघतात."

भाची म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. शाळेतून सुटली की ती घरी जायच्या ऐवजी शेडमध्ये यायची, ती आली ती आलीच. लांब बांबूच्या टोकाला बांधलेला ब्रश घेऊन जमिनीवर पसरलेल्या मांजरपाटावर चालत चालत रंगवायचं, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की साध्या कागदावर तिला सरळ रेघ मारता येत नसे. आता समुद्रापलीकडच्या एका जुन्या नाट्यगृहानं तिला बोलावलं होतं. तिथं अजून पडदे जमिनीवर पसरून हातानं रंगवत. तिनं नमुन्यादाखल पाठवलेला आभाळाचा तुकडा त्यांनी टांगून पाहिला, आणि हंगाम सुरू होईपर्यंत जागा राखून ठेवतो असं कळवलं. अडलं होतं ते व्हिसापाशी. तो नाही मिळाला तर जाहिरातींचे फलक छापणाऱ्या कंपनीत जायचं तिच्या आईनं ठरवूनच टाकलं होतं. तिथं दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या फोटोंतलं आभाळ निळं करायचं. शेडमध्ये तर आता वर्षाकाठी एखादा पडदा आला तर आला.

म्हणून एका सकाळी दोघी फाइलवाल्याकडे गेल्या. हा माणूस लोकांच्या फाइली तयार करून त्यांना परदेशी धाडायचा. काचेचं दार, कोपऱ्यात धूळ बसलेलं प्लॅस्टिकचं झाड, आणि भिंतभर विमानतळावर हसणाऱ्या माणसांचे फोटो.

"प्रतिभा असणं वेगळं मॅडम, आणि प्रतिभा दाखवणं वेगळं," तो खुर्चीत डुलत म्हणाला. "आपण दुसरं काम करतो."

"आणि पहिलं?" बाईंनी विचारलं.

"ते काय, असतंच कुणाकुणाकडे. ही बघा, केकवर चेहरे काढणारी. गेली. हा कुत्र्यांचे फोटो काढणारा. गेला, कुत्रं घेऊन गेला. बरं, पुरस्कार?"

"नाहीत," भाची म्हणाली.

"पेपरात नाव?"

"पडदे रंगवणाऱ्यांचं नाव पेपरात येत नाही."

"मग कामाचे फोटो द्या."

भाचीनं मोबाइल पुढे केला. त्यानं बोटानं फोटो सरकवले. प्रत्येक फोटोत पुढे नट हात वर करून ओरडत होते आणि मागे काहीतरी धुरकट होतं.

"यात तुम्ही कुठं?"

"ते मागचं."

"हे? हे तर नीट दिसतही नाहीये."

"दिसायचं नसतंच," बाई म्हणाल्या. "पडदा डोळ्यात भरला की नाटक पडलं म्हणून समजा."

"बरं, मूळ पडदे तरी असतीलच ना?"

"धुतले," भाची शांतपणे म्हणाली. "नाटक बंद झालं की पडदा धुवायचा आणि त्याच्यावरच दुसरा रंगवायचा."

फाइलवाल्यानं डोक्याला हात लावला. "म्हणजे पुरावा स्वतःच्या हातांनी धुऊन टाकलात? अहो, चोरसुद्धा इतकी सफाई करत नाहीत."

पण धंद्याला पक्का माणूस. पंधरवड्यात त्यानं कुठल्याशा संस्थेकडून 'रंगकलारत्न' नावाचा पुरस्कार घरपोच आणवला. खोक्यातून सोनेरी बाहुली निघाली, ती व्हायोलिन वाजवत होती.

"चित्रकाराचा साचा संपला असेल," आभाळबाई म्हणाल्या.

"ताई, तुझ्या जिभेला जरा कुलूप लाव," बहीण म्हणाली. तिनं ती बाहुली टीव्हीशेजारी ठेवली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती इतकं सांगू लागली की काही दिवसांनी तिला स्वतःलाच खरं वाटायला लागलं.

मग परीक्षक होणं आलं. फाइलवाल्याच्या मेव्हण्याची शिकवणी होती, तिथल्या चिल्ल्यापिल्ल्यांची चित्रकला स्पर्धा भरवली आणि भाचीला परीक्षक केलं. पोरांनी डोंगर काढले, डोंगरामागून सूर्य काढला, आणि एकानं खडू खाल्ला. भाचीनं गळ्यात बिल्ला घालून फोटो काढून घेतला. फाइलीत त्याचं 'राष्ट्रीय पातळीवरील परीक्षण' झालं. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात. इथं तर पाणीच नव्हतं, नुसता खळखळाट.

"आता तज्ज्ञांची शिफारसपत्रं," फाइलवाला म्हणाला. "या क्षेत्रातलं मोठं नाव कोण?"

भाचीनं आभाळबाईंकडे बोट केलं. बाकीची मोठी नावं वर गेली होती.

इथं त्या शेडची एक रीत सांगितली पाहिजे. सरसाची खळ घालून केलेला रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो. नवशिका ओल्या रंगाला भुलतो आणि वाळल्यावर रडतो. म्हणून पडदा ओला असताना कुणी कुणाला 'छान' म्हणायचं नाही, असा दंडक होता. आणि पडदा वाळला की तो गुंडाळून नाट्यगृहात जायचा, तेव्हा छान म्हणायला समोर काही उरायचंच नाही. असं करता करता तो शब्दच शेडमधून उठून गेला. फारच झालं तर शेडचे जुने वस्ताद माळ्यावरून खाली बघायचे आणि म्हणायचे, चालेल. आभाळबाईंना ते सबंध उमेदवारीत एकदाच म्हणाले होते, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नव्हतं.

तर बाई पत्र लिहायला बसल्या. अख्खी दुपार गेली. मधे दोनदा त्या उठून पाणी प्यायल्या. शेवटी कागद भाचीपुढे टाकला आणि पाठ फिरवून ब्रश बांधायला लागल्या. पत्रात होतं: 'ही मुलगी माझ्याकडे शिकली. पाय हलका आहे. हात स्वच्छ आहे. हिचं आभाळाचं काम चालण्यासारखं आहे.'

भाचीनं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि ती पालथ्या बादलीवर मटकन बसली.

"मावशी, हे तू लिहिलंस?"

"मग काय शेजाऱ्यानं? जास्त झालं असेल तर शेवटची ओळ काढते."

"नको! काढू नकोस," भाची म्हणाली आणि तिनं कागद असा धरला, जणू कुणी तो हिसकावून नेणार होतं.

फाइलवाल्यानं तो वाचला तेव्हा मात्र त्याचा चहा थांबला. "चालण्यासारखं? मॅडम, तुम्ही शिफारस करताय की तक्रार?"

"याच्यावर काही नसतं," बाई म्हणाल्या.

"तुमच्याकडे नसेल. तिकडे हे वाचून ते मुलीला दारातूनच परत पाठवतील." त्यानं यंत्रातून गरमागरम छापील पत्र काढलं. "मी तयारच ठेवलंय. आणि एक, नातं कुठं बोलायचं नाही. तुम्ही मावशी नाही. तुम्ही तज्ज्ञ."

"ही जन्मली तेव्हापासून मी मावशी आहे. तज्ज्ञ कधी झाले?"

"आत्ता. इथं सही केलीत की."

बाईंनी पेन घेतलं आणि केली सही. त्या पत्राकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"मावशी, वाच तरी," भाची म्हणाली.

"विषाची परीक्षा कुणी घ्यावी!" बाई म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या. आपण या सगळ्याच्या वर आहोत, असं त्यांना त्या जिन्यावरून उतरताना फार वाटत होतं.

पुढे काही आठवडे शांततेत गेले. मग एका दुपारी शेडमध्ये भाचीचा मोबाइल वाजला. परदेशी व्हिसा कार्यालयातून फोन होता. शिफारस करणाऱ्या तज्ज्ञांशी बोलायचं होतं, दुभाषी सोबत होती. भाचीनं मोबाइल स्टुलावर ठेवून आवाज मोठा केला. नेमकी तिची आईही तेव्हा डबा घेऊन आली होती. ती दारातच खांबासारखी उभी राहिली आणि बहिणीला खुणेनं सांगू लागली, गोड बोल, गोड.

मोबाइलमधून आधी एक कोरडा परका आवाज आला, मग एका तरुण बाईचा आपल्या भाषेतला. "नमस्कार. साहेब विचारतायत, तुम्ही लिहिलंय की या मुलीनं जागतिक दृश्यसंस्कृतीची नवी व्याख्या केली. ती व्याख्या कोणती?"

आभाळबाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला.

"हे मी लिहिलंय?" आभाळबाईंनी विचारलं.

"खाली सही तुमची आहे, बाई."

"सही माझीच. सही काय, मी पार्सल आलं तरी करते."

दारातल्या बहिणीनं कपाळावर हात मारून घेतला. पलीकडे काहीतरी बोलणं झालं.

"मग पत्र कुणी लिहिलं?"

"ज्याचा तो धंदा आहे त्यानं. मी न वाचता सही केली. चूक माझी, मुलीची नाही. ती वाच म्हणत होती."

"तुमचं तिच्याशी काही नातं आहे का?"

बहीण दोन्ही हात हलवून नाही नाही करत होती. भाची हलली नाही. ती मावशीच्या तोंडाकडे बघत होती.

"मावशी आहे मी तिची. सख्खी."

दुभाषी आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, हे असंच सांगू?"

"तुला पगार कशाचा देतात, गं? असंच सांग."

तिनं सांगितलं. कोरडा आवाज आणखी कोरडा झाला. "साहेब म्हणतात, मग तुमच्या शिफारशीला किंमत काय? मावशी चांगलंच बोलणार."

आता मात्र आभाळबाईंचा तोल गेला. "त्या साहेबांना मावशी नसेल! चांगलं बोलायला मी काय तिची शेजारीण आहे? अगं, ही मुलगी एवढीशी होती तेव्हापासून माझ्या पडद्यावर चालतेय. परक्याच्या पोरीला मी चार गोड शब्द देऊन वाटेला लावलं असतं. हिला आजवर तोंडानं एकदाही चांगलं म्हटलं नाही, घरची आहे म्हणून. ढग पुसायला लावले, रात सबंध पुसायला लावली, पहाट तर किती वेळा पुसली असेल तिलाच ठाऊक. एकदा लिहून दिलं की काम चालण्यासारखं आहे, तर ते पत्र तुमच्याकडे पाठवायच्या लायकीचं नाही म्हणे. व्हायोलिनवाली बाहुली मात्र लायकीची!"

दुभाषीला हे सगळं सांगायला बराच वेळ लागला. मधे एकदा ती अडखळली, बहुधा बाहुलीपाशी.

"साहेबांचा शेवटचा प्रश्न. हे काम असं करणारं तुमच्याकडे दुसरं कुणी आहे का?"

"होती एक. गुडघे गेले तिचे."

"त्या कोण?"

"बोलतेय तीच."

पलीकडे दुभाषी हसली, मग तिनं घसा साफ करून भाषांतर केलं. कोरड्या आवाजानं धन्यवाद म्हटलं आणि फोन बंद झाला.

"हात दाखवून अवलक्षण!" बहीण ओरडली. "ताई, पोरीच्या तोंडचा घास काढलास तू! काय बिघडलं असतं दोन वाक्यं गोड बोललीस तर? तुझं आयुष्य त्या चिंध्यांवर गेलं, आता तिचंही घालव!"

भाचीनं रंगाचे डबे झाकले, हात धुतले आणि ती आईबरोबर घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, पण कामापुरतं बोलली. "सरस तापलाय." "बादली दे." मावशी हा शब्द तिनं गाळला.

आभाळबाईंना पश्चात्ताप करायची सवय नव्हती, त्यामुळे पहिल्यांदा त्यांना वाटलं पित्त झालंय. त्या माळ्यावर जाऊन बसल्या. खाली भाची पडद्यावर चालत होती. उंचावरून बघितलं की माणसाचं फक्त डोकं आणि पावलं दिसतात. फोनवर आपण जे बोललो त्यातला एकही शब्द परत घ्यावा असं बाईंना वाटलं नाही. पण तो कागद! इतकं तोंड वर करून फिरलो, आणि पोरीचं नशीब ज्या कागदावर लटकलं होतं तो वाचायचेही कष्ट घेतले नाहीत. फाइलवाल्यानं निदान तो वाचला होता. लिहिलाच होता मेल्यानं.

त्या मुकाट्यानं त्याच्याकडे गेल्या. "काही करता येतं का?" त्यांनी विचारलं. असा प्रश्न त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला विचारला नव्हता.

"केस गेली, मॅडम," तो म्हणाला. "तज्ज्ञच उलटला तर फाइल काय करणार?"

बहिणीनं जाहिरातीच्या कंपनीत भाचीचं नाव घालून ठेवलं. तिथं रुजू व्हायची तारीखही ठरली.

आणि व्हिसा मंजूर झाला.

का झाला ते कुणालाच कळलं नाही. मंजुरीत कारण देत नाहीत, कारणं फक्त नकाराला असतात. त्यामुळे श्रेय बेवारशी पडलं आणि ज्यानं त्यानं उचललं. फाइलवाला म्हणाला, माझ्या फाइलीत दमच तेवढा होता. बहीण म्हणाली, त्या पुरस्कारानं केलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, मी म्हटलंच होतं, मुलीच्या हाताला यश आहे. त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. त्या परवापरवापर्यंत, ही पोर सरसाचा वास अंगाला घेऊन फिरते, हिचं कसं व्हायचं, असं म्हणत असत. आभाळबाई काही म्हणाल्या नाहीत. त्यांना मनातून वाटत होतं की आपल्या फोननं झालं, पण खात्री नव्हती, आणि खात्री नसलेलं बोलून दाखवणारी माणसं त्यांना कधीच आवडली नाहीत.

निघायच्या दिवशी भाची ब्रश न्यायला शेडमध्ये आली. बांबू विमानात चढू देणार नव्हते, तेव्हा नुसती डोकी काढून तिनं फडक्यात बांधली.

"मावशी," ती म्हणाली, "तू फोनवर बोललीस ते..."

"कुठलं?"

"गुडघ्यांचं."

"दुखतातच माझे गुडघे," बाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू?"

भाची हसली. मग एकदम वाकून तिनं मावशीचे दोन्ही गुडघे दाबून पाहिले, एखाद्या डॉक्टरसारखे, आणि गेली.

तिला जाऊन महिना झाला असेल. एका शाळेनं पडदा सांगितला होता, डोंगर आणि वर आभाळ. आभाळबाईंनी मांजरपाट जमिनीवर पसरला आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की तो ताणायला दुसऱ्या टोकाला कुणी नाही. एका कोपऱ्यात खिळा मारावा तर दुसरीकडे सुरकुती पडायची. तिथं जावं तर इकडचं सैल. कमरेवर हात ठेवून त्या त्या कापडाकडे रागानं बघत उभ्या होत्या, तेवढ्यात दारात फाइलवाला हजर. काखेत फाइलींचा गठ्ठा, तोंडभर हसू.

"मॅडम, तुमचा तो फोन फार गाजला हो! आता तज्ज्ञ म्हणून आपण तुम्हालाच घ्यायचं ठरवलंय. एक नाचणारा आहे, एक मेणाच्या बाहुल्या करणारी आहे. पत्रं तयार आहेत. तुम्ही फक्त सह्या करायच्या."

आभाळबाईंनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. खांदे ठीक होते.

"बूट काढा," त्या म्हणाल्या.

"अं?"

"बूट काढा आणि ते टोक धरा. दोन्ही हातांनी. कागद नाही तो, ओढा!"

"आणि सह्या?"

"आता वाचल्याशिवाय सही नाही. चष्मा घरी आहे. पत्रात काय लिहिलंय ते तुम्हीच सांगा. तुम्हाला पाठ असेलच, सगळ्यांना एकच तर लिहिता."

फाइलवाल्यानं गठ्ठा स्टुलावर ठेवला आणि तो मोजे घातलेल्या पायांनी कापडाच्या कडेला बसला. "नृत्यकलेच्या क्षितिजावर," तो धापा टाकत म्हणू लागला, "उगवलेला हा... अलौकिक..."

"ताण सोडू नका. अलौकिक काय?"

"तेजस्वी तारा..."

"तुम्ही त्याला नाचताना बघितलंय?"

"नाही."

"मग पुढचं सांगू नका. थोडं डावीकडे ओढा. अजून. तिथं सुरकुती राहिलीय."